चहासुद्धा स्वतःचा

तिनं त्याला पहिल्यांदा पाहिलं ते एका प्लॅस्टिकच्या खिडकीतून. आणि तेव्हा तिच्या डोक्यावर पिशवी होती.

पिशवी म्हणजे अगदी पिशवीच. पांढरी, खांद्यापर्यंत येणारी, डोळ्यांपुढे वीतभर पारदर्शक चौकोन. मास्क चेहऱ्यावर नीट बसतो की नाही हे तपासायची ही रीत. एरवी हे काम कारखान्याच्या दवाखान्यातली सिस्टर करायची, पण सिस्टर त्या दिवशी नेमकी रजेवर होती. म्हणून हातातली कामं टाकून तो आला होता... आणि आल्या आल्या समोरच्या बाईच्या डोक्यावर पिशवी चढवून मोकळा झाला होता.

"गुदमरल्यासारखं वाटेल जरा," बाहेरून आवाज आला. "आत मी गोड पाण्याचा फवारा सोडणार आहे. मास्क बरोबर बसला असेल तर तुम्हाला काही कळणार नाही. कुठे फट राहिली असेल तर जिभेवर गोड लागेल. गोड लागलं की हात वर करायचा. एवढंच."

"आणि नाही लागलं तर?"

"तर तुमचं नशीब. आता मान डावीकडे... उजवीकडे... वर... खाली. आता समोरच्या पाटीवरचं मोठ्यानं वाचा."

समोर पाटी होती. मास्कच्या आतून, पिशवीच्या आतून, घोगऱ्या आवाजात ती वाचू लागली — "आग लागल्यास घाबरू नये. जवळच्या दारानं बाहेर पडावं." वाचता वाचता तिला हसू यायला लागलं. खिडकीपलीकडे एक सावळा, तुळतुळीत दाढी केलेला चेहरा अतिशय गंभीरपणे तिच्याकडे बघत होता. हनुवटीवर वस्तऱ्याचा ताजा ओरखडा. तो बघितला आणि ती हसलीच. हसल्याबरोबर गालापाशी फट पडली, आणि जिभेवर... गोड!

तिनं हात वर केला.

"हसलात," तो म्हणाला. आवाजात तक्रार होती, डोळ्यांत नव्हती. "मास्कमध्ये हसायचं नसतं, डॉक्टर. तुमचा साइझ लहान आहे. थांबा, दुसरा आणतो."

लहान मास्क नीट बसला. त्यानं पुन्हा फवारा मारला, पुन्हा मान हलवायला लावली, पुन्हा आग लागल्यास काय करावं ते वाचून घेतलं. या वेळी काही लागलं नाही. पिशवी निघाली तेव्हा तिचे केस विस्कटून उभे राहिले होते, आणि तो खाली मान घालून फवाऱ्याची बाटली पुसण्यात अगदी गढून गेला होता.

"दाढीवाल्यांचं काय करता?" काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं.

"परत पाठवतो. कालचे खुंट असले तरी मास्क बसत नाही. म्हणून तर आम्ही सगळे असे सोललेल्या बटाट्यासारखे दिसतो."

"तुम्हाला दाढी बरी दिसेल पण."

बोलून गेल्यावर तिची तिलाच लाज वाटली. त्यानं मात्र हनुवटीवरच्या ओरखड्याला बोट लावलं आणि म्हणाला, "या कारखान्यात आहे तोवर तरी नाही दिसायची."

*

ती डॉक्टर होती आणि विषशास्त्रात पुढचं शिक्षण घेत होती. रुग्णालयात तिची गाठ पडायची ती माणसाच्या पोटात, रक्तात, फुप्फुसात जाऊन बसलेल्या विषाशी. उद्योगातलं रोटेशन, म्हणजे कारखान्यात जाऊन शिकायचे काही आठवडे, असायचं ते याच्या उलट्या टोकाला. विष अजून पिंपात असतं, हवेत असतं, कुणाच्या हातमोज्यावर असतं, तिथं जाऊन ते बघायचं. तिच्या वाट्याला आला होता गोंदाचा कारखाना. बूट, पिशव्या, पट्टे चिकटवायचा गोंद. आणि हवा मोजणारा, मास्क बसवणारा, पंखे तपासणारा जो माणूस तिला दाखवायला-समजवायला दिला होता, त्याला सगळा कारखाना हवामास्तर म्हणायचा. तिचंही बारसं लगेच उरकलं होतं. विषबाई!

निघण्याआधी तिच्या विभागप्रमुख मॅडमनी तिला समोर बसवून सांगितलं होतं. मॅडम मोजकं बोलत, पण त्यांचं बोलणं काळजात जाऊन बसे.

"हे बघ, त्या कारखान्यात उद्या काही सापडलं तर तुला मत द्यावं लागेल. त्या मतावर कुणाचे हातपाय अवलंबून असतील. तेव्हा कंपनीचा वकील पहिला प्रश्न विचारेल, की बाई, तुम्ही यांचं काय काय घेतलं? जेवण? गाडी? भेटवस्तू? म्हणून काहीही घ्यायचं नाही. चहासुद्धा स्वतःचा. आणि तिथल्या कुणाशी कामापलीकडे संबंध ठेवायचा नाही. झालाच, तर पहिल्यांदा मला सांगायचं आणि त्या प्रकरणातून बाजूला व्हायचं."

तिनं ते व्रतासारखं घेतलं. लहानपणापासून तिला एकदा धरलेलं सोडता येत नसे. वहिनी रोज सकाळी थर्मासमध्ये बिनसाखरेचा चहा भरून द्यायची, आणि दुपारी कारखान्याच्या मागच्या पायरीवर बसून ती तो घ्यायची. कारखान्याचा चहा किटलीतून फिरायचा, त्याला वेलदोड्याचा वास असायचा. ती नाही म्हणायची. नाही म्हणताना दर वेळी एक छोटी पण जड गोष्ट उचलून बाजूला ठेवल्यासारखं वाटायचं.

हवामास्तर त्याच पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसायचा. मधे हातभर अंतर. दोन-चार दिवस त्यानं हे मुकाट्यानं पाहिलं. मग एक दिवस आपला कप खाली ठेवून म्हणाला, "एक शंका आहे, डॉक्टर."

"विचारा."

"तुम्ही आमचं काही घ्यायचं नाही, असा नियम आहे ना?"

"आहे."

"आम्ही तुमचं घ्यायचं नाही, असा आहे का?"

तिनं विचार केला. खरंच तसं कुणी म्हटलं नव्हतं. थर्मासच्या झाकणात तिनं चहा ओतला आणि पायरीवरून त्याच्याकडे सरकवला. त्यानं एक घोट घेतला नि चेहरा असा केला, की जणू पिंपातलंच काहीतरी प्यायला.

"हा चहा आहे? मला वाटलं विषावरचा उतारा आहे."

"नको असेल तर द्या परत."

"दिलेलं परत घेता?" असं म्हणून त्यानं झाकण तळापर्यंत रिकामं केलं.

आठवडाभरात वहिनीच्या लक्षात आलं. वहिनीच्या काय लक्षात येत नाही! सकाळी थर्मास धुता धुता ती म्हणाली, "वन्सं, हल्ली चहा पुरत नाही वाटतं तुम्हाला? मोठा थर्मास काढू का माळ्यावरचा?"

"काम वाढलंय, वहिनी."

"हो, दिसतंय की. काम वाढलं की तुम्ही आरशापुढे उभ्या राहता, हे मला माहीत नव्हतं."

तिनं टॉवेल फेकून मारला. पण दुसऱ्या दिवशी ओट्यावर मोठा थर्मास होता.

*

कामाच्या वेळी ती दोघं मास्कमध्ये असत. मास्कमध्ये बोलणं कळत नाही, त्यामुळे डोळ्यांनी बोलायची सवय लागते. भुवई वर गेली म्हणजे पंखा बंद आहे. डोळे बारीक झाले म्हणजे इथं थांबू नका. आणि कधीकधी त्या डोळ्यांत कामाचं काहीच नसे. तेव्हा ती पटकन पिंपांवरची नावं वाचायला लागे.

एक दिवस तिला पूर्ण पाळीभर चिकटवण्याच्या विभागात बसायचं होतं. तिथली माणसं दिवसभरात किती वाफ श्वासात घेतात ते मोजायला तो प्रत्येकाच्या कॉलरला एक छोटी नळी लावायचा. नळीला जोडलेला पंप कमरेला. तिच्यापाशी येऊन तो थबकला.

"नाकाजवळ लावावी लागते," तो म्हणाला. "श्वास जिथं घेता तिथं. तुम्ही लावता, की...?"

"लावा तुम्हीच."

त्याची बोटं तिच्या कॉलरपाशी आली, चिमटा बसला, बोटं गेली. तिच्या कातडीला कुठं स्पर्शही झाला नाही. पण मग दिवसभर तो पंप बारीक घरघरत राहिला, आणि आपण घेतलेला प्रत्येक श्वास कुणीतरी जपून साठवतंय असं तिला वाटत राहिलं... संध्याकाळी त्यानं नळी काढून घेतली, दोन्ही टोकांना बुचं लावली नि डबीत ठेवली. इतक्या हळुवार हातानं, की ती भिंतीकडे बघत उभी राहिली.

त्याच पाळीत तिला ते दिसलं होतं. चिकटवण्याच्या टेबलावरचे एक काका पाणी प्यायला उठले. चार पावलं गेले. त्यांची एक चप्पल मागेच राहिली, आणि काकांना पत्ताच नव्हता. ते एका पायात चप्पल, एक पाय उघडा, असे माठापर्यंत गेले. बाकीचे हसले. काकाही हसले — "म्हातारा झालो रे!" ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं त्या टेबलावरच्या सगळ्यांचे पाय तपासले. नादकाटा ठोकून घोट्यावर टेकवायचा नि विचारायचं, थरथर कळते का? काका डोळे मिटून बसले होते. "लावा की, डॉक्टरीणबाई," ते म्हणाले. काटा त्यांच्या घोट्यावर केव्हाचा थरथरत होता.

तसे आणखीही निघाले. कुणाच्या बोटांना मुंग्या, कुणाला जिना चढताना पाऊल उचलेना. गोंद पातळ करायला जे नवं सॉल्व्हंट आणलं होतं, त्याच्या वाफेनं नसा हळूहळू मरत होत्या. वेळेत थांबवलं तर बरंचसं भरून येतं. नाही थांबवलं, तर नाही.

व्यवस्थापनाचं म्हणणं होतं, यांना मधुमेह असेल, दारू असेल, वय असेल. प्रकरण चौकशी समितीकडे गेलं. मत तिला द्यायचं होतं, आणि हवेचे आकडे त्याला.

*

रोटेशन संपत आलं तेव्हाची गोष्ट. पाऊस लागून राहिला होता, आणि मागच्या पायरीवरच्या पत्र्यावर असा काही तडतडत होता, की शेजारच्याशीही जरा जवळ सरकून बोलावं लागे. दोघंही सरकली नाहीत. थर्मासचं झाकण त्याच्या हातात होतं. चहा निवला होता, तरी तो पीत नव्हता.

"डॉक्टर, एक बोलायचं होतं."

"कामाचं?"

"...नाही."

तिचं काळीज असं उडालं की वाटलं, पत्र्यावरचा पाऊस थांबलाय. तिला ते ऐकायचं होतं. किती दिवस ती ते ऐकायला सकाळी उठत होती. आणि तिच्या डोळ्यांपुढे आली ती माठाकडे जाणाऱ्या काकांची मागे राहिलेली चप्पल.

"मग नका बोलू," ती म्हणाली.

त्यानं वर पाहिलं.

"तुम्ही बोललात तर मला ते मॅडमना सांगावं लागेल," तिनं घाईघाईनं सांगायला सुरुवात केली, कारण थांबली असती तर सांगता आलं नसतं. "मग मी या प्रकरणातून बाजूला. मी केलेल्या तपासण्या बाजूला. नवा डॉक्टर येईल, पुन्हा पहिल्यापासून, आणि तोवर ती माणसं त्याच टेबलावर बसतील. आणि सांगितलं नाही, तर वकील म्हणेल, ही बाई हवामास्तरसाठी खोटं बोलते. काकांचे पाय, माझं मत, तुमचे आकडे... सगळं त्या एका वाक्यापायी वाया जाईल."

त्यानं झाकणातला चहा एकदा गोल फिरवला.

"म्हणजे मास्क लावून बसायचं," तो म्हणाला.

"हो."

"कधी काढायचा?"

"मला नाही माहीत."

"हसायचं तरी?"

"मास्कमध्ये हसायचं नसतं," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "तुम्हीच सांगितलंय."

त्यानं तो गार, कडू चहा शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. झाकण पावसाच्या धारेखाली विसळलं, आपल्या रुमालानं कोरडं केलं आणि पायरीवरून तिच्याकडे सरकवलं. मधे तेच हातभर अंतर होतं.

शेवटच्या दिवशी तिनं आपला लहान साइझचा मास्क सिस्टरकडे परत केला. तो कुठं दिसला नाही. पंखे तपासायला गेलाय म्हणे. तो मुद्दाम गेला होता, हे तिला कळलं, आणि त्याबद्दल त्याचे आभार मानावेत की भांडावं, हे कळेना.

*

समितीच्या खोलीत लांब टेबल होतं. त्याच्या या टोकाला ती, त्या टोकाला तो. तिनं आपलं मत सांगितलं. पाय, नसा, तपासण्या, सॉल्व्हंट, सगळं सांगून झालं. मग कंपनीचे वकील चष्मा पुसत उठले.

"कारखान्यात असताना कंपनीकडून काय काय घेतलंत, डॉक्टर?"

"काही नाही. चहासुद्धा नाही."

"आणि कंपनीतल्या कुणाला काही दिलंत?"

कुणी विचारेल असं तिला वाटलं नव्हतं. पण खोटं तिला येत नव्हतं.

"दिलं. हवामास्तरांना चहा दिला. माझ्या थर्मासमधला."

खोलीत हसू पसरलं. वकीलही हसले, पण त्यांचे डोळे हसले नाहीत. "कधीमधी?"

"रोज."

आता टेबलाच्या त्या टोकाकडे सगळ्यांच्या माना वळल्या. तो ताठ बसला होता, कान लालबुंद.

"या चहापलीकडे तुमच्यात काही देणंघेणं झालं? काही ठरलं?"

"काही देणंघेणं झालं नाही. काही ठरलं नाही," ती म्हणाली. हे अक्षर न् अक्षर खरं होतं. खरं असूनही ते म्हणताना तिनं टेबलाच्या त्या टोकाकडे बघायचं टाळलं. "आणि वकीलसाहेब, चहा मी त्यांना दिला. पाय बधिर झालेत ते चिकटवणाऱ्यांचे. त्यांच्यातल्या कुणाला मी घोटभरही दिलेला नाही."

या वेळी अध्यक्षबाई मोठ्यानं हसल्या. "पुढचा प्रश्न घ्या, वकीलसाहेब," त्या म्हणाल्या.

मग तो उठला. त्यानं आकडे सांगितले. नुसती दिवसाची सरासरी सांगायची, असं त्याला वरून सुचवलेलं होतं म्हणे. त्यानं पंखे बंद असतानाचे आकडेही सांगितले. सांगताना त्यानं एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही. तीही खिडकीबाहेर बघत होती. खोलीतून निघताना दारात दोघं समोरासमोर आली, आणि त्यानं बाजूला होऊन तिला आधी जाऊ दिलं. बस्स, एवढंच.

निकाल कामगारांच्या बाजूनं लागला. सॉल्व्हंट बदललं. काकांचे उपचार कंपनीनं करायचे ठरले. अपिलाची मुदत मात्र अजून बाकी होती. मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

*

ती रुग्णालयातल्या विषमाहिती केंद्रात परतली. तिथं फोन अखंड वाजायचा. बाळानं डांबराची गोळी चोखली, आजोबांनी सुनेच्या गोळ्या घेतल्या, कुणी फिनेल सरबत समजून प्यायलं. ती शांत आवाजात विचारायची, किती, कधी, आता कसं वाटतंय? फोन ठेवला की वाटायचं, आपल्यालाही कुणीतरी हे विचारावं. किती? कधीपासून? आता कसं वाटतंय?

घरी वहिनी अजून मोठाच थर्मास भरायची. संध्याकाळी तो अर्धा भरलेला परत यायचा. वहिनी तो मोरीत ओतायची आणि चिडवायची नाही. वहिनीनं चिडवायचं सोडलं, याचंच तिला जास्त रडू यायचं.

तो कारखान्यात असेल, ती मनाशी म्हणायची. आत्ता पायरीवर बसला असेल. रोज सकाळी गुळगुळीत दाढी करत असेल. कुणा नव्या डॉक्टरला पिशवी घालून आग लागल्यास काय करावं ते वाचायला लावत असेल... इथं आलं की ती मनाचा दोर ओढून घ्यायची.

मग एका दुपारी, फोन जरा निवांत असताना, दारावर टकटक झाली.

"या," म्हणत तिनं वर पाहिलं, आणि आधी तिनं ओळखलंच नाही. दारात एक दाढीवाला माणूस उभा होता. दाट, काळीभोर, नीट कातरलेली दाढी. हातात निळा थर्मास. मग तिला दाढीच्या वरचे डोळे दिसले. त्या डोळ्यांना ओळखायला तिला चेहरा कधी लागलाच नव्हता.

ती उठली. खुर्ची मागे पडली, ती तशीच पडू दिली.

"ही..." तिनं स्वतःच्या हनुवटीला हात लावला. "मास्क बसणार नाही आता."

"लागतही नाही. कारखाना सोडला. आता एका संस्थेत नव्या मुलांना हवा मोजायला शिकवतो, वर्गात. फळ्यापुढे मास्क कशाला?"

"ही दाढी एका आठवड्याची नाही."

"नाही. समितीच्या दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. तेव्हाची आहे."

"मग इतके दिवस...?" तिनं विचारलं. "इतके दिवस कुठं होतात?"

"अपिलाची मुदत संपायची होती ना," तो साधेपणानं म्हणाला. "काल संपली. त्यांनी अपील केलं नाही. मी अपिलाच्या कचेरीत बसून होतो, दार बंद होईपर्यंत. काका पण होते सोबत. दोन्ही चपला पायात, बरं का."

तिला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं.

त्यानं टेबलावर थर्मास ठेवला, झाकण फिरवून काढलं, त्यात चहा ओतला. वेलदोड्याचा वास खोलीभर झाला. झाकण त्यानं तिच्यापुढे सरकवलं, पण हात मागे घेतला नाही.

"मी आता कुठल्याच कंपनीचा नाही," तो म्हणाला. "स्वतः केलाय. घेणार?"

आयुष्यात पहिल्यांदाच तिनं त्याच्या हातून काही घेतलं. झाकण गरम होतं, नि त्याची बोटं त्याहून गरम. या वेळी ती बोटं कुठं गेली नाहीत. तिनं डोळे मिटून एक घोट घेतला. बापरे... चमचाभर नव्हे, मूठभर साखर होती त्यात!

"मी तेव्हा बोलणार होतो ते—" त्यानं सुरुवात केली.

तिच्या जिभेवर अजून गोड रेंगाळत होतं. पिशवीतल्या खिडकीआडून पाहिलं होतं तसं तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि हळूच हात वर केला.